विद्यार्थ्याचे बचत खाते: तीन बँकांचा सहा वर्षांचा अनुभव

२०१८ च्या जुलैत पदवीच्या पहिल्या वर्षाला पुण्यात प्रवेश घेताना शुल्क भरण्याच्या खिडकीशेजारी एक टेबल मांडलेले होते आणि त्यामागे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला, घामाघूम झालेला एक तरुण बसलेला होता. खिडकीपुढची रांग लांब होती आणि त्याच्याकडे खुर्च्या व पंखा होता, एवढ्या कारणाने आमच्या तुकडीतल्या बऱ्याच जणांची बँक त्या दिवशी ठरली. मीही तिथेच सही केली. बँक निवडण्यासाठी मी कधी विचारपूर्वक बसले असे सहा वर्षांत एकदाही घडले नाही. तरीही शिक्षण संपेपर्यंत माझ्या नावावर तीन बँकांत तीन खाती होती आणि तिन्ही वेगवेगळ्या प्रकारांनी अडकून झाली होती. त्या तीन खात्यांचे हे परीक्षण आहे. बँकांची नावे देत नाही, कारण तक्रारीचे मूळ खात्याच्या प्रकारात आहे आणि तो प्रकार जवळपास सर्वच बँकांत सापडतो.

पहिले खाते तालुक्याच्या गावातल्या राष्ट्रीयीकृत बँकेतले होते. अकरावीत असताना शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी वडिलांनी ते उघडून दिले. त्यांचे स्वतःचे खाते त्याच शाखेत असल्याने दुसऱ्या बँकेचा विचारही घरात झाला नाही. दुसरे खाते वर सांगितलेल्या टेबलावरचे, म्हणजे एका खासगी बँकेचे ‘विद्यार्थी खाते’. तिसरे खाते २०२१ मध्ये वसतिगृहाच्या खोलीत बसून मोबाइलवर दहा मिनिटांत उघडले, कारण टाळेबंदीनंतरच्या त्या दिवसांत शाखेत मोजक्याच लोकांना आत सोडत आणि पदव्युत्तर प्रवेशाची धावपळ चालू होती.

जाहिरातींत व्याजदर ठळक असतो, म्हणून आधी त्याचा निकाल लावते. विद्यार्थ्याच्या खात्यात वर्षभर सरासरी चार हजार रुपये पडून राहतात असे धरले, तर अडीच टक्क्यांनी वर्षाला शंभर रुपये मिळतात आणि सहा टक्क्यांनी दोनशे चाळीस. फरक एकशे चाळीस रुपयांचा आहे, आणि डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क व त्यावरचा अठरा टक्के जीएसटी एका फटक्यात तो गिळून टाकतो. सिनेमाच्या तिकिटांवरची सूट, पहिल्या खरेदीवरचा परतावा, कार्डावर स्वतःचा फोटो छापण्याची सोय या गोष्टींबद्दल लिहिण्यासारखे माझ्याजवळ काही नाही. मी त्यातली एकच वापरली आणि कार्डावरचा माझा फोटो पाहून खानावळीच्या मालकांनी मला प्रत्येक वेळी ओळखपत्र दाखवायची गरज नसल्याचे सांगितले.

पैसे कोणत्या वाटेने येतात आणि ते अडकले तर कुणाला विचारायचे, या दोन प्रश्नांवर विद्यार्थ्याची बँक ठरायला हवी, असे मला आता वाटते. महाराष्ट्रात शिष्यवृत्ती किंवा निर्वाह भत्ता घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा महाडीबीटी, म्हणजे शिष्यवृत्त्यांचे राज्य सरकारचे पोर्टल, असते. पोर्टलवरून सुटणारी रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे खात्यात जमा होते, अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकाच्या आधारे नव्हे. एनपीसीआयकडे, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेकडे, आधार क्रमांक आणि बँक यांची एक नोंदवही असते. तीत एका आधार क्रमांकापुढे एका वेळी एकाच बँकेचे नाव राहते आणि सर्वांत शेवटी जिथे संमती दिली ती बँक तिथे बसते. आपण ज्याला सरसकट ‘आधार लिंक’ म्हणतो त्यात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार क्रमांक कितीही बँकांना देता येतो, पण अनुदान स्वीकारण्यासाठीचे सीडिंग, म्हणजे त्या नोंदवहीतली नोंद, एकाच बँकेत असते. शाखेतले कर्मचारी “आधार लिंक आहे” असे सांगतात तेव्हा त्यांना यातले नेमके काय म्हणायचे आहे, हे पुन्हा विचारून घ्यावे लागते.

मी ते विचारले नव्हते. २०२२ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्तीचा दुसरा हप्ता आमच्या वर्गातल्या सगळ्यांना मिळाला आणि मला मिळाला नाही. पोर्टलवर मात्र रक्कम वितरित झाल्याचे दिसत होते. राष्ट्रीयीकृत बँकेच्या शाखेत, टोकन घेऊन पाऊण तास बसल्यावर, खिडकीमागच्या बाईंनी माझा आधार क्रमांक घातला, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “अगं, तुझं सीडिंग आमच्याकडे नाहीच. दुसरीकडे कुठे खातं काढलंस का मधे?” मोबाइलवरचे खाते उघडताना एका पडद्यावर चार-पाच चौकटी आधीच टिचक्या मारलेल्या होत्या आणि त्यांतली एक शासकीय अनुदान याच खात्यात स्वीकारण्याच्या संमतीची होती. पैसे हरवले नव्हते. ते निमूटपणे त्या खात्यात जाऊन पडले होते. माझ्या फोनवर त्या ॲपच्या सूचना मी बंद करून ठेवल्या होत्या, त्यामुळे तीन आठवडे मला पत्ता लागला नाही. ज्याला शिष्यवृत्ती मिळते त्याने नवे खाते उघडल्यावर आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावर जाऊन सीडिंग कोणत्या बँकेत आहे ते पाहावे. त्याला दोन मिनिटे लागतात आणि शाखेत जावे लागत नाही.

त्याच मोबाइल खात्याचा दुसरा दोष वर्ष पूर्ण झाल्यावर कळला. केवळ आधार ओटीपीच्या आधारे, समोरासमोर न येता उघडलेल्या खात्याला रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनी मर्यादा घातलेल्या आहेत: अशा खात्यांतील एकूण शिल्लक एक लाखाच्या वर जाता कामा नये, आर्थिक वर्षातील एकूण जमा दोन लाखांच्या आत राहिली पाहिजे आणि वर्षभरात पूर्ण ओळख पटवून दिली नाही तर खाते चालू ठेवता येत नाही. नियम योग्यच आहे, कारण नाहीतर कुणीही कुणाच्याही नावाने खाती काढत सुटेल. प्रश्न असा आहे की, खाते उघडताना ही मुदत मला ठळकपणे कुणी सांगितली नाही आणि आठवणीचे संदेश सवलतींच्या संदेशांच्या ढिगात आले. २०२२ च्या सप्टेंबरात एके सकाळी व्यवहार थांबले, आत अकरा हजारांच्या आसपास रक्कम होती आणि ती सोडवण्याचा मार्ग म्हणजे व्हिडिओ केवायसी, म्हणजे व्हिडिओ कॉलवर ओळख पटवणे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये परवानगी दिलेली ही पद्धत खरोखर उपयोगी आहे, फक्त तिला पॅन कार्ड, पुरेसा उजेड आणि न तुटणारे इंटरनेट लागते. खोलीत वाय-फाय दोनदा तुटले. तिसऱ्या वेळी मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत उभी राहिले, एका हातात फोन, दुसऱ्यात पॅन कार्ड, आणि पलीकडचे अधिकारी पुन्हा पुन्हा म्हणत होते, “मॅडम, कार्ड थोडं तिरपं करा, चमकतंय.” चौथ्या प्रयत्नात काम झाले, तोवर अकरा दिवस गेले होते आणि त्या अकरा दिवसांत खानावळीचे पैसे मैत्रिणीने भरले.

या खात्याच्या बाजूने सांगण्यासारखे एवढेच की, पूर्ण केवायसी झाल्यावर त्याने मला पुन्हा त्रास दिला नाही. त्याचे ॲप सुटसुटीत आहे, खर्चाचा हिशेब महिन्यागणिक दिसतो आणि कार्ड हवे तेव्हा बंद-चालू करता येते. मदत मात्र फक्त चॅटवर मिळते. पहिली पाच उत्तरे यंत्र देते आणि माणूस गाठेपर्यंत आपणच आपला प्रश्न विसरतो.

खासगी बँकेच्या खात्याबद्दल अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण प्रवेशाच्या दिवशी तेच आकर्षक दिसते आणि सर्वांत महाग तेच पडते. टेबलावरच्या तरुणाने सांगितले होते की, खाते ‘झिरो बॅलन्स’ आहे. ते खोटे नव्हते, अपुरे होते. अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते की, ही सवलत अभ्यासक्रम संपेपर्यंतच आहे आणि त्यानंतर खाते आपोआप साध्या बचत खात्यात बदलेल. माझी पदवी २०२१ मध्ये संपली, खाते बदलले आणि त्याला दहा हजार रुपयांच्या सरासरी मासिक शिल्लकीची अट लागू झाली. त्या सुमारास मी सिम बदललेले होते व नवा क्रमांक या बँकेला कळवायचा राहिला होता, हा दोष माझा.

सरासरी मासिक शिल्लक म्हणजे काय, हे बहुतेकांना नीट ठाऊक नसते; मलाही नव्हते. महिन्यातून एकदा दहा हजार रुपये दिसले की झाले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात रोज दिवसअखेर खात्यात जी रक्कम असते त्या सगळ्यांची बेरीज करून तिला महिन्याच्या दिवसांनी भागतात. माझा तेव्हाचा एक महिना मांडून पाहते. एक ते चार तारखेपर्यंत पाचशे रुपये. पाच तारखेला घरून आठ हजार आले आणि त्याच दिवशी साडेतीन हजार खोलीभाड्याला गेले, म्हणजे राहिले पाच हजार. तिथून चौदा तारखेपर्यंतची सरासरी चार हजार, पुढचे दहा दिवस दोन हजार आणि शेवटचे सहा दिवस पुन्हा पाचशे. सगळी बेरीज पासष्ट हजार, तीसने भागली की दोन हजार एकशे सहासष्ट. आठ हजार रुपये हाताखालून जाणाऱ्या मुलीची सरासरी जेमतेम दोन हजारांवर येते. दहा हजारांची अट पाळायची तर दहा हजार रुपये खात्यात कायमचे बांधून ठेवून वरच्या पैशांवर महिना काढावा लागेल, आणि ज्याला हे जमते त्याला शून्य शिल्लकीच्या खात्याची गरजच नसते.

या वसुलीला नियम आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नोव्हेंबर २०१४ च्या परिपत्रकानुसार, जे १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले, शिल्लक कमी पडल्यास बँकेने आधी ग्राहकाला कळवले पाहिजे, ती भरून काढायला किमान एक महिना दिला पाहिजे, दंड तुटीच्या प्रमाणात असला पाहिजे आणि केवळ या दंडापायी खाते उणे शिल्लकीत जाता कामा नये. माझ्या खात्यात एक हजार नऊशे रुपये होते आणि ते तुकड्यातुकड्यांनी शून्यावर आले. मी वरच्या परिपत्रकाचा हवाला देऊन लेखी तक्रार केली आणि आगाऊ सूचना कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने दिली ते विचारले. संदेश जुन्या सिमवर गेले होते, पण ईमेल पत्ता नोंदलेला असूनही ईमेल पाठवलेला नव्हता. निम्मी रक्कम परत आली. उरलेल्या निम्म्यासाठी मी बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालाकडे गेले नाही. नोव्हेंबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेची एकात्मिक लोकपाल योजना आहे, तक्रार विनामूल्य आणि ऑनलाइन करता येते, बँकेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर पटले नाही तर तिथे जाता येते, हे सगळे मला ठाऊक होते. परीक्षा तोंडावर आली होती आणि साडेनऊशे रुपयांसाठी कागद गोळा करण्याचा उत्साह उरला नव्हता. बँकांचे बरेचसे उत्पन्न विद्यार्थ्यांच्या या कंटाळ्यावर उभे असावे, असा मला संशय आहे.

किमान शिल्लकीची अट सगळीकडे सारखी नसते आणि स्थिरही नसते. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये सर्व बचत खात्यांवरची ही अट काढून टाकली आणि २०२५ मध्ये आणखी काही सरकारी बँकांनी तसेच केले. उलट त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेने महानगरांतल्या नव्या खात्यांसाठी ही मर्यादा पन्नास हजारांवर नेली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच पंधरा हजारांवर आणली. किमान शिल्लक किती ठेवायची हे ठरवण्याची मोकळीक बँकांना आहे. त्यामुळे ज्येष्ठ विद्यार्थ्याने दोन वर्षांपूर्वी सांगितलेली अट आज तीच असेल असे धरून चालू नये.

आता पहिल्या, राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्याकडे येते. त्याने मला वैताग सर्वांत जास्त दिला आणि तरीही अखेरीस तेच माझे मुख्य खाते राहिले. ते उघडले तेव्हा मी अल्पवयीन होते आणि वडील पालक म्हणून सही करत. अठरा पूर्ण झाल्यावर नव्याने सही, फोटो आणि केवायसी द्यावी लागते, हे घरात कुणाच्या लक्षात नव्हते, त्यामुळे पुण्यात आल्यावर दुसऱ्याच महिन्यात कार्ड चालेनासे झाले. त्यासाठी गावी जावे लागले आणि त्याच फेरीत खाते पुण्यातल्या शाखेत हलवण्याचा अर्ज दिला. खाते क्रमांक तोच राहिला, शाखेची ओळख सांगणारा आयएफएससी कोड बदलला आणि तो महाडीबीटीवर, महाविद्यालयाच्या कार्यालयात व घरी, असा तीन ठिकाणी कळवावा लागला. कोड बदलणे ही किरकोळ गोष्ट वाटते, पण माझ्या खोलीतल्या मैत्रिणीचे खाते आंध्रा बँकेत होते, १ एप्रिल २०२० रोजी ती बँक युनियन बँकेत विलीन झाली आणि पुढच्या वर्षी जुना कोड बाद झाल्यावर महाविद्यालयाकडून परत मिळायची तिची अनामत रक्कम दोनदा माघारी गेली.

पुण्यातल्या शाखेने पत्त्याच्या पुराव्यासाठी वसतिगृहाचे पत्र, महाविद्यालयाचे बोनाफाईड आणि वर प्राचार्यांचा शिक्का मागितला. वास्तविक आधारवरचा पत्ता गावचा असेल आणि सध्याचा पत्ता वेगळा असेल, तर सध्याच्या पत्त्याचे स्वयंघोषणापत्र नियमांना पुरते. मी ते सांगितले तेव्हा उत्तर आले की, “नियम असेल, पण फाइलला बोनाफाईड लावलेलं बरं असतं.” मी बोनाफाईड आणून दिले. शाखेत सोमवारी गर्दी, दुपारी जेवणाची सुट्टी, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनधारकांची रांग आणि एरवी सर्व्हर बंद; जाण्यासाठी बुधवारी सकाळी साडेदहाची वेळ उत्तम, असा माझा सहा वर्षांचा निष्कर्ष आहे.

या खात्याच्या पारड्यात वजन टाकणारी गोष्ट म्हणजे तिथे बसलेली माणसे. सीडिंग हलल्याचे ज्या बाईंनी ओळखले, त्यांनीच संमतीचा कागद भरून घेतला आणि आठवड्यात ते परत आणले. चॅटवरच्या यंत्राला हा प्रश्न मी आधी विचारून पाहिला होता. त्याने मला शैक्षणिक कर्जाची माहिती पाठवली.

हे खाते मूलभूत बचत बँक ठेव खाते, म्हणजे बँकेच्या भाषेत बीएसबीडी, या प्रकारातले आहे. रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्ये जुन्या ‘नो-फ्रिल्स’ खात्यांच्या जागी ते आणले आणि २०१९ च्या परिपत्रकाने त्यात किमान काय असावे ते ठरवले: शिल्लक ठेवण्याची अट नाही, पैसे जमा करण्यावर संख्येचे वा रकमेचे बंधन नाही, एटीएम कार्ड मिळते आणि महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणे विनाशुल्क. ते उत्पन्नावर वा वयावर अवलंबून नाही. कुणालाही मागता येते. फक्त ज्याचे बीएसबीडी खाते आहे त्याला त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही आणि असल्यास तीस दिवसांत बंद करावे लागते.

‘महिन्याला चार’ या आकड्याने मात्र विद्यार्थ्यांना बराच काळ फटका दिला. विद्यार्थी एटीएममधून महिन्यात दोनदा पैसे काढतो, पण यूपीआयने दिवसाला चारदा चहाचे पैसे देतो, आणि काही बँका हे सगळेच ‘पैसे काढणे’ म्हणून मोजत होत्या. आयआयटी मुंबईत झालेल्या २०२१ च्या एका अभ्यासाने दाखवून दिले की, अशा खात्यांवर चारच्या पुढच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे लावले जात होते, डिजिटल व्यवहारांनाही. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने यूपीआय व रुपे व्यवहारांवर १ जानेवारी २०२० नंतर घेतलेले शुल्क परत करण्यास बँकांना सांगितले होते. माझ्या २०१९ च्या पासबुकात अशा नोंदी आहेत. दहा रुपयांच्या झेरॉक्ससाठी सतरा रुपये सत्तर पैसे मोजल्याची ओळ मी अजून कधीकधी पाहते. जुन्या असल्याने त्या परत मिळाल्या नाहीत.

यूपीआय अडकल्यावर काय होते, या कसोटीवर तिन्ही बँकांत मला फारसा फरक दिसला नाही. सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार दुकानदाराला पैसे दिले, आपल्या खात्यातून वजा झाले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत यायला हवेत. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई, आणि ती मागावी न लागता मिळायला हवी. खानावळीचे माझे सव्वीसशे रुपये सहाव्या दिवशी परत आले. भरपाईचे शंभर रुपये दोन ईमेलनंतर आले आणि त्याच दिवशी सार्वजनिक हितार्थ खोलीतल्या सर्वांच्या चहावर खर्च झाले. कोणत्या बँकेचे यूपीआय व्यवहार तांत्रिक कारणाने किती टक्के फसतात, हे एनपीसीआय आपल्या संकेतस्थळावर बँकनिहाय दर महिन्याला प्रसिद्ध करते. खाते उघडण्यापूर्वी मित्रांची मते गोळा करण्याऐवजी तो तक्ता पाहणे अधिक शहाणपणाचे आहे.

एटीएमबद्दल एक छोटी पुणेरी सोय सांगून पुढे जाते. साध्या बचत खात्यावर दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून मोफत व्यवहार सहा महानगरांत महिन्याला तीन आणि इतरत्र पाच मिळतात. ती सहा महानगरे म्हणजे मुंबई, नवी दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू आणि हैदराबाद. पुण्याला महानगर न मानल्याचा आनंद होण्याचा हा बहुधा एकमेव प्रसंग आहे.

बँक बुडण्याची भीती पालकांना वाटते, विद्यार्थ्यांना सहसा वाटत नाही. पुण्यात रुपी बँकेच्या ठेवीदारांची २०१३ पासूनची परवड आणि २०२२ मध्ये रद्द झालेला तिचा परवाना घराघरांत माहीत आहे. पीएमसी बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांसाठी एकूण फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ठेव विमा फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत आहे, सहकारी बँकांनाही आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यापासून नव्वद दिवसांत विम्याची रक्कम मिळण्याची तरतूद आहे. विद्यार्थ्याची सगळी पुंजी या पाच लाखांत आरामात बसते, त्यामुळे पैसे बुडण्याचा धोका त्याला जवळजवळ नाही. त्याची अडचण नव्वद दिवसांची असते. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले त्या रात्री फोनपेही बंद पडले, कारण त्याचे व्यवहार त्या बँकेमार्फत होत, आणि ज्यांचे खाते भलत्याच बँकेत सुरक्षित होते तेही दुकानात फोन हातात धरून उभे राहिले. म्हणून दोन बँकांत दोन खाती आणि फोनवर दोन ॲप असावीत, आणि पाकिटात पाचशेची एक नोट असावी.

दोनाच्या पुढे मात्र जाऊ नये. खाते पडून राहिले की त्याच्याकडे लक्ष राहत नाही आणि लक्ष नसलेल्या खात्यावर डोळा ठेवणारे लोक वसतिगृहांच्या आसपास फिरत असतात. आमच्याच इमारतीतल्या एका मुलाने महिन्याला काही हजारांच्या मोबदल्यात आपले जुने कार्ड आणि सिम एकाला ‘वापरायला’ दिले. त्या खात्यातून कुणाचे तरी फसवणुकीचे पैसे फिरले, खाते गोठले, सायबर पोलिसांची नोटीस आली आणि त्याच्या वडिलांना तीन वेळा पुण्याला यावे लागले.

माझा हिशेब आता असा आहे. राष्ट्रीयीकृत बँकेचे बीएसबीडी खाते मुख्य, शिष्यवृत्ती आणि घरचे पैसे तिथे. पाचपैकी साडेतीन गुण, आणि गेलेला दीड गुण रांगेचा. मोबाइलवरचे खाते पूर्ण केवायसीसह रोजच्या यूपीआयसाठी, आठवड्यापुरते पैसे ठेवून, तीन गुण. खासगी बँकेचे विद्यार्थी खाते मी २०२३ मध्ये बंद केले. त्याला दीड, आणि त्यातला अर्धा त्या टेबलावरच्या तरुणासाठी, कारण खाते बंद करताना फोनवर तोच भेटला आणि त्याने अजिबात अडवले नाही.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये धाकट्या भावाचा पुण्यात प्रवेश झाला तेव्हा त्याच्या महाविद्यालयातही टेबल होते, खुर्च्या होत्या, पंखा होता. मी त्याला बुधवारी सकाळी साडेदहाला शाखेत नेले. त्याने बीएसबीडी खाते मागितल्यावर खिडकीवरच्या नव्या कर्मचाऱ्याने सांगितले की, “ते जनधनवाल्यांसाठी असतं, तू साधं काढ.” भावाने त्याच बँकेच्या संकेतस्थळावरचे पान फोनवर उघडून काचेला लावले. कर्मचाऱ्याने ते वाचले, आत साहेबांकडे जाऊन आले आणि खालच्या खणातून वेगळा अर्ज काढून दिला. आधार सीडिंगची चौकट भावाने स्वतः वाचून भरली, वारसाच्या रकान्यात आईचे नाव लिहिले आणि सव्वाबाराला खाते क्रमांक मिळाला. पासबुक त्या दिवशी मिळाले नाही. छपाईयंत्राची रिबन संपली होती.